विश्लेषण : स्वतःच्याच चेहऱ्याला काळे फासून ब्रॉडवे जिंकणारे बर्ट विल्यम्स कोण होते?

२७ फेब्रुवारी १९२२. अमेरिकेतील डेट्रॉईट शहरात ‘अंडर द बांबू ट्री’ या संगीतिकेचा प्रयोग रंगात आला होता. मुख्य भूमिकेतील विनोदवीर आजारी होता, अंगात ताप होता. प्रयोग सुरू असतानाच तो रंगमंचावर कोसळला. प्रेक्षागृहात हशा उसळला. हा त्याच्या विनोदाचाच भाग आहे, अशी प्रेक्षकांची समजूत झाली होती. पाच दिवसांनी, ४ मार्च रोजी, न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. वय अवघे ४७.

या कलावंताचे नाव होते बर्ट विल्यम्स. ब्रॉडवेच्या बड्या रंगमंचावर पोहोचलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय ताऱ्यांपैकी ते एक. गायक, संगीतकार, मूकाभिनयात निष्णात नट आणि ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या काळातील सर्वाधिक लोकप्रिय कृष्णवर्णीय कलाकार. मात्र रंगभूमीवर जाण्यापूर्वी हा कृष्णवर्णीय माणूस रोज आपल्या चेहऱ्याला काळा रंग फासत असे. त्यांना असे का करावे लागले, त्यातून त्यांनी काय मिळवले आणि त्याची कोणती किंमत मोजली, याविषयी...

बर्ट विल्यम्स कोण होते?

त्यांचे पूर्ण नाव एग्बर्ट ऑस्टिन विल्यम्स. जन्म १२ नोव्हेंबर १८७४ रोजी बहामाज बेटांवरील नासाऊ येथला. बहामाज तेव्हा ब्रिटिश वसाहत होती. बर्ट लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत आले आणि पुढे कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे स्थायिक झाले. त्यांचे बालपण तिथेच गेले.

हा तपशील महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या मळ्यांशी, गुलामगिरीच्या आठवणींशी किंवा तिथल्या बोलीशी विल्यम्स यांचा थेट संबंध नव्हता. ते उंच, देखणे, उजळ वर्णाचे होते. मृदू आणि स्वच्छ इंग्रजी बोलत. वाचनाची त्यांना मनापासून आवड होती. पुढे ज्या बोलीत बोलून त्यांनी लाखोंना हसवले, ती दक्षिणेकडील बोली त्यांना परक्या भाषेसारखी शिकावी लागली.

विशीच्या आतच ते सॅन फ्रान्सिस्कोत गाण्याची, बॅंजो वाजवण्याची कामे शोधू लागले. १८९३ मध्ये तिथे त्यांची जॉर्ज वॉकर यांच्याशी गाठ पडली. कॅन्सस राज्यातील लॉरेन्स गावातून आलेला हा तरुण बोलघेवडा, नृत्यात तरबेज आणि कपड्यांचा शौकीन होता. विल्यम्स संकोची, तर वॉकर यांना कसलाच संकोच नव्हता. स्वभावाने अशी दोन टोके असलेल्या या दोघांची जोडी पुढची सोळा वर्षे टिकली.

कृष्णवर्णीय कलावंत चेहरा काळा का करत?

त्यासाठी ‘मिन्स्ट्रेल शो’ हा प्रकार समजून घ्यावा लागतो. १८३०च्या सुमारास थॉमस राइस या गौरवर्णीय नटाने चेहऱ्याला काळे फासून, एका कृष्णवर्णीय माणसाची नक्कल करत ‘जिम क्रो’ नावाचे गाणे-नृत्य सादर केले. ते तुफान गाजले. त्यानंतर अशा नकलांचे जथेच तयार झाले. जळालेल्या बुचाची काजळी चेहऱ्यावर फासायची, ओठांभोवती जाड पांढरी किंवा लाल कड रंगवायची आणि कृष्णवर्णीय माणूस आळशी, भित्रा, चोरटा, मूर्ख असल्याचे दाखवून हशा मिळवायचा, असे त्याचे ठरलेले स्वरूप होते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत याहून लोकप्रिय करमणूक क्वचितच होती. पुढे दक्षिणेकडील राज्यांनी वंशभेदाचे जे कायदे केले, त्यांनाही याच नाटकी पात्राचे नाव चिकटले : ‘जिम क्रो’ कायदे.

गुलामगिरी संपल्यानंतर कृष्णवर्णीय कलावंतांना रंगभूमीवर शिरकाव मिळाला तो याच दारातून. प्रेक्षकांच्या डोळ्यांना काजळीचा चेहरा सवयीचा झाला होता. त्यामुळे खऱ्या कृष्णवर्णीय नटालाही त्या नकली काळ्या चेहऱ्याची नक्कल करावी लागे. मराठीत तोंडाला काळे फासणे म्हणजे नाचक्की होणे. त्या काळच्या अमेरिकेत मात्र कृष्णवर्णीय कलावंताच्या पोटापाण्याची ती अटच होती.

विल्यम्स-वॉकर जोडीने बाजारातील हा विरोधाभास लवकर ओळखला. गौरवर्णीय नट तोंडे काळी करून कृष्णवर्णीय असल्याचा आव आणत होते. मग आपण तर अस्सलच आहोत, असे या दोघांनी जाहीर करून टाकले आणि आपल्या जोडीची जाहिरात ‘टू रिअल कून्स’ अशी केली. ‘कून’ हा कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द होता. धंद्याच्या दृष्टीने ही हुशारीची खेळी होती, पण त्यासाठी स्वतःला लावून घेतलेले ते नाव अपमानाचेच होते.

काजळी पहिल्यांदा कधी लावली?

सुरुवातीला या जोडीत विनोदी भूमिका वॉकर यांची असे आणि विल्यम्स गंभीर चेहऱ्याने त्यांना साथ देत. प्रयोग करता करता त्यांच्या लक्षात आले, की विल्यम्स काहीही न करता नुसते उभे राहिले तरी लोक अधिक हसतात. मग भूमिका उलट झाल्या. वॉकर झकपक कपड्यांतील चलाख, गोडबोल्या माणसाची भूमिका करू लागले. विल्यम्स झाले ढगळ कोट, फाटके बूट घातलेले, संथ चालीचे, कायम नशिबाने मार खाल्लेले पात्र.

याच काळात डेट्रॉईटमधील एका नाट्यगृहात विल्यम्स यांनी गंमत म्हणून चेहऱ्याला काजळी फासली आणि गाणे म्हटले. प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. सर्वांत जास्त आश्चर्य वाटले ते खुद्द विल्यम्स यांनाच. या काजळीआड आपला संकोच गळून पडतो आणि आपण वेगळाच माणूस होतो, हे त्यांना त्या दिवशी उमगले. दुसऱ्याचा चेहरा मिळाल्यावर त्यांच्यातील विनोदी नट मोकळा झाला.

ते सोंग त्यांनी चढवले आणि पुढची पंचवीसहून अधिक वर्षे ते उतरवता आले नाही. ज्या डेट्रॉईटमध्ये ही काजळी पहिल्यांदा लागली, त्याच शहरात १९२२ मध्ये ते शेवटचे कोसळले.

न्यूयॉर्कमध्ये यश कसे मिळाले?

१८९६ मध्ये ही जोडी न्यूयॉर्कला पोहोचली. ‘द गोल्ड बग’ ही संगीतिका आपटली, पण तिच्यातील या दोघांचे काम लक्षात राहिले. त्यानंतर ‘कोस्टर अँड बायल्स’ या नामांकित करमणूकगृहात त्यांचे कार्यक्रम गाजू लागले. विल्यम्स यांनी चाल बांधलेले ‘डोरा डीन’ हे गाणेही याच सुमाराचे.

त्याच वर्षी, १८९६ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ खटल्यात कृष्णवर्णीयांसाठी वेगळे डबे, वेगळ्या सोयी ठेवणे घटनेला धरून असल्याचा निकाल दिला. वंशभेदाला कायद्याचे कवच मिळत असताना हे दोन तरुण न्यूयॉर्कच्या रंगमंचावर जम बसवत होते.

त्यांच्यामुळे ‘केकवॉक’ या नृत्याची साथच पसरली. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवरचे मजूर मालक मंडळींच्या ऐटबाज चालीची टिंगल करत हे नृत्य करत, असे सांगितले जाते. आता त्याच मालकवर्गाचे वारसदार आपापल्या दिवाणखान्यांत हौसेने केकवॉक शिकू लागले होते. धनाढ्य विल्यम के. व्हँडरबिल्ट यांनीही केकवॉक केल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा १८९८च्या जानेवारीत विल्यम्स आणि वॉकर थेट त्यांच्या घरी पत्र घेऊन धडकले : खरा केकवॉक कोणाला येतो याची स्पर्धा होऊन जाऊ द्या, पैज ५० डॉलरची. व्हँडरबिल्ट यांनी आव्हान स्वीकारले नाही. वृत्तपत्रांना मात्र चमचमीत बातमी मिळाली आणि जोडीला फुकटची प्रसिद्धी.

ही लोकप्रियता किती तकलादू होती, हे ऑगस्ट १९०० मध्ये दिसले. एका गौरवर्णीय पोलिसाच्या मृत्यूनंतर न्यूयॉर्कमध्ये जमाव रस्त्यावर उतरला आणि दिसेल त्या कृष्णवर्णीयाला मारहाण करू लागला. गाजलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांची नावे घेऊन हा जमाव त्यांना शोधत होता. जॉर्ज वॉकर जमावाच्या तावडीत सापडले आणि कसेबसे निसटले. ज्यांच्या विनोदाला रात्री टाळ्या पडत, त्यांनाच रस्त्यात गाठून मारण्यासाठी लोक टपले होते.

१९०१ मध्ये या जोडीने व्हिक्टर कंपनीसाठी गाणी ध्वनिमुद्रित केली. एका मोठ्या कंपनीने कृष्णवर्णीय कलावंतांचा आवाज ध्वनिमुद्रित करून विकण्याचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण मानले जाते.

‘इन दाहोमी’ का महत्त्वाचे ठरले?

१८९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या एका मोठ्या प्रदर्शनात पश्चिम आफ्रिकेतील दाहोमी (आजचे बेनिन) येथील गाव उभारण्यात येणार होते. खरे दाहोमीवासी वेळेवर पोहोचले नाहीत, म्हणून आयोजकांनी त्यांच्या जागी स्थानिक कृष्णवर्णीय तरुणांना उभे केले. त्यांत विल्यम्स आणि वॉकर होते. मूळ माणसे आल्यावर दोघांचे काम गेले. पण नंतर त्यांनी त्या खऱ्या आफ्रिकी कलाकारांचे नृत्य-गायन मन लावून पाहिले. आपण ज्यांची सोंगे करतो ती माणसे प्रत्यक्षात कशी आहेत, हा विचार तिथे रुजला, असे वॉकर यांनी पुढे नमूद केले.

त्यातूनच ‘इन दाहोमी’ आकाराला आली. बॉस्टनमधील काही भामटे अमेरिकी कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत वसवण्याची योजना काढतात आणि त्यातून गोंधळ उडतो, असे तिचे कथानक. संगीत विल मॅरियन कुक यांचे, गीते प्रामुख्याने कवी पॉल लॉरेन्स डन्बार यांची, संहिता जेसी शिप यांची. लेखक, संगीतकार आणि कलावंत असे सगळे कृष्णवर्णीय. १८ फेब्रुवारी १९०३ रोजी ‘न्यूयॉर्क थिएटर’मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. ब्रॉडवेच्या एका मोठ्या नाट्यगृहात कृष्णवर्णीयांनी लिहिलेली आणि साकारलेली ही पहिली पूर्ण लांबीची संगीतिका. कृष्णवर्णीय प्रेक्षकांना मात्र वरच्या सज्ज्यातच बसावे लागले.

तिथे ५३ प्रयोग झाल्यावर मंडळी जहाजाने लंडनला गेली. १६ मे १९०३ पासून शाफ्ट्सबरी थिएटरमध्ये प्रयोग सुरू झाले आणि ते सुमारे सात महिने चालले. २३ जून रोजी थेट बकिंगहॅम राजवाड्यातून बोलावणे आले. सातवे एडवर्ड यांचा नातू, म्हणजे पुढे आठवा एडवर्ड झालेला राजपुत्र, त्या दिवशी नऊ वर्षांचा झाला होता. राजवाड्याच्या हिरवळीवर प्रयोग झाला. राजघराण्याने कौतुक केल्यावर लंडनमध्ये केकवॉकचे वेडच लागले. याच दौऱ्यात, १९०४ मध्ये, एडिनबराच्या एका फ्रीमेसन लॉजने विल्यम्स यांना सदस्य करून घेतले. ही नोंद त्यांच्या अखेरच्या प्रवासात पुन्हा येते.

‘नोबडी’ हे गाणे एवढे का गाजले?

१९०५ मध्ये विल्यम्स यांनी गीतकार अ‍ॅलेक्स रॉजर्स यांच्या शब्दांना चाल दिली. गाण्याचे नाव ‘नोबडी’. अडचणीत आपल्या मदतीला कोण आले, याचा एक गरीब, एकाकी माणूस हिशेब मांडतो आणि दरवेळी उत्तर एकच येते : कोणीच नाही. मग आपणही कोणाचे काही देणे लागत नाही, असे तो ठरवून टाकतो. गाण्याचा आशय एवढाच.

खरी कमाल होती ती म्हणण्याच्या पद्धतीत. विल्यम्स हे गाणे निम्मे बोलत, निम्मे गात. शब्द ओढत, मध्येच थांबत. ट्रॉम्बोनचे रडवेले सूर त्यांच्या कुरकुरीला साथ देत. झिजलेल्या कोटाच्या खिशातून एक वही काढून, तिची पाने उलटत जणू त्यातून वाचून दाखवत असल्याचा अभिनय ते करत. लोक पोट धरून हसत, पण हसता हसता घशात काहीतरी अडकत असे. मिन्स्ट्रेल शोमधील पात्र हसण्यापुरते होते, त्याला मन नव्हते. विल्यम्स यांनी त्याच पात्रात एक दमलेला, विचार करणारा माणूस उभा केला. वर काजळी तीच राहिली, आत माणूस आला.

१९०६ मध्ये कोलंबिया कंपनीने हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि ते घराघरांत पोहोचले. त्याच वर्षीच्या ‘अ‍ॅबिसिनिया’ या संगीतिकेतही ते होते. रॉजर्स यांच्यासोबतचे ‘लेट इट अलोन’ हेही त्या काळातील त्यांचे लोकप्रिय गाणे. पण प्रेक्षकांना हवे असे ते ‘नोबडी’च. विल्यम्स यांना या गाण्याचा कंटाळा आला, त्यांनी ते गाळून पाहिले, नवी गाणी आणली. पण लोक ते म्हटल्याशिवाय त्यांना रंगमंचावरून जाऊ देत नसत. १९१३ मध्ये त्यांनी ते पुन्हा ध्वनिमुद्रित केले.

जोडी का फुटली?

ही जोडी भांडणामुळे नव्हे, तर आजारपणामुळे फुटली. १९०८ मध्ये आलेल्या ‘बँडाना लँड’ या संगीतिकेच्या दौऱ्यात वॉकर यांना संवाद आठवेनासे झाले, जीभ अडखळू लागली. त्यांना सिफिलिस झाला होता आणि त्या काळी त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. १९०९च्या सुरुवातीला त्यांनी रंगभूमी सोडली. त्यांच्या पत्नी एडा ओव्हरटन वॉकर या स्वतः अव्वल दर्जाच्या नर्तिका होत्या. पतीचा पोशाख चढवून त्यांनी त्यांची भूमिका पुढे चालवली. जानेवारी १९११ मध्ये वॉकर यांचे निधन झाले.

कंपनीचा व्यवहार, मालकांशी वाटाघाटी, कृष्णवर्णीय कलावंतांची संघटना बांधणे ही सगळी कामे वॉकर बघत. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या ‘द फ्रॉग्ज’ या कृष्णवर्णीय रंगकर्मींच्या मंडळाचे ते अध्यक्ष होते. विल्यम्स यांनी १९०९ मध्ये ‘मिस्टर लोड ऑफ कोल’ ही संगीतिका एकट्याच्या बळावर काढली, तिच्या संगीतातही त्यांचा वाटा होता. ती ४० प्रयोगांतच बंद पडली. कंपनी चालवणे हा त्यांचा पिंड नव्हता. समोर नवीन वाट शोधणे भाग होते.

‘झिगफेल्ड फॉलीज’मध्ये काय घडले?

फ्लोरेन्झ झिगफेल्ड यांचा ‘फॉलीज’ हा त्या काळचा सर्वांत झगमगाटी वार्षिक कार्यक्रम. १९१० मध्ये त्यांनी विल्यम्स यांना करारबद्ध केले. कृष्णवर्णीय कलावंताला बरोबरीचे स्थान दिले तर आम्ही काम करणार नाही, अशी धमकी काही गौरवर्णीय कलाकारांनी दिली. तुमच्यापैकी कोणाचीही जागा भरता येईल, या माणसाची नाही, असे झिगफेल्ड यांनी त्यांना सुनावल्याचे सांगितले जाते. धमकी देणारे गप्प बसले आणि पुढे त्यांच्यापैकीच अनेक जण या सहकाऱ्याचे चाहते झाले.

विल्यम्स यांनी स्वतःहून काही अटी मात्र घातल्या होत्या. रंगमंचावर एकट्या गौरवर्णीय स्त्रीसोबत आपला प्रवेश नको आणि दक्षिणेकडील राज्यांत दौरा नको. आज या अटी विचित्र वाटतील. पण तेव्हा अशा निव्वळ संशयावरूनही कृष्णवर्णीय पुरुषांना जमाव ठार मारत असे. जुलै १९१० मध्ये कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन याने गौरवर्णीय जिम जेफ्रीज याला हरवले, एवढ्या कारणावरून अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली उसळल्या. विल्यम्स यांचे ‘फॉलीज’मधील पदार्पण त्याच उन्हाळ्यातले.

१९१० ते १९१९ या काळात त्यांनी ‘फॉलीज’च्या आठ आवृत्त्यांत काम केले. १९११ मध्ये लिऑन एरॉल यांच्यासोबतचा त्यांचा प्रवेश गाजला. बांधकाम चालू असलेल्या रेल्वे स्थानकात, उंच लोखंडी तुळयांवरून एका प्रवाशाला दोरीने बांधून नेणाऱ्या हमालाची ती भूमिका होती. त्याहून गाजला तो पोकरचा मूकप्रवेश. रिकामा रंगमंच, चेहऱ्यावर प्रकाशाचा एकच झोत. टेबल नाही, पत्ते नाहीत, सोबती खेळाडू नाहीत. विल्यम्स एकटेच पत्ते वाटत, उचलत, आशेने फुलत, समोरच्याचा डाव संशयाने निरखत आणि शेवटी हरत. एकही शब्द न उच्चारता हे सारे घडे. १९१६च्या ‘अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर’ या मूकपटात हा प्रवेश टिकून राहिला आहे.

रंगमंचाबाहेर त्यांचे जगणे कसे होते?

उत्तरेकडील शहरांतही अनेक हॉटेलांत त्यांना पुढच्या दाराने प्रवेश नसे. सामान नेण्याच्या लिफ्टने वर जावे लागे. सहकारी एडी कॅन्टर यांनी अशीच एक आठवण सांगितली आहे. लिफ्टचे एवढे काही वाटले नसते, पण कानात अजून टाळ्या घुमत असतात तेव्हा ते सोसत नाही, अशा अर्थाचे विल्यम्स त्यांना म्हणाले होते. मद्यालयातील एक किस्साही प्रसिद्ध आहे. कृष्णवर्णीय गिऱ्हाईक टळावे म्हणून तिथल्या माणसाने जिनच्या एका पेल्याची किंमत ५० डॉलर सांगितली. विल्यम्स यांनी शांतपणे नोटांची चवड काढून दहा पेले मागवले.

ऑगस्ट १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या नटांनी संप पुकारला. विल्यम्स नेहमीप्रमाणे नाट्यगृहात गेले, रंगभूषा केली, पोशाख चढवला आणि बाहेर येऊन पाहतात तर प्रेक्षागृह रिकामे. संपाची खबर त्यांना कोणी दिलीच नव्हती. नटांच्या संघटनेत त्यांना स्थान नव्हते, म्हणून ते कोणाच्या लक्षातच आले नाहीत. ही हकीकत त्यांनी सहकारी डब्ल्यू. सी. फील्ड्स यांना सांगितली होती. आपण पाहिलेला सर्वांत विनोदी आणि सर्वांत दुःखी माणूस तो एकच, असे मत फील्ड्स यांनी विल्यम्स यांच्याविषयी नोंदवून ठेवले आहे.

१९१८ मध्ये एका मासिकात लिहिलेल्या लेखात विल्यम्स यांनी आपल्या विनोदाचे मर्म सांगितले. दुसऱ्याच्या फजितीवर कोणीही हसतो. स्वतःच्या फजितीकडे तिऱ्हाईतासारखे पाहता येणे हा खरा विनोद, असा त्यांच्या मांडणीचा आशय. कृष्णवर्णीय असण्यात लाज वाटण्यासारखे काही आपल्याला आढळले नाही, अमेरिकेत ते गैरसोयीचे मात्र अनेकदा ठरले, अशा अर्थाची टिप्पणीही त्यांनी त्यात केली. तक्रारीचा सूर त्यांनी याहून वर कधी नेला नाही.

त्यांच्यावर टीका का झाली?

नेमक्या याच कारणामुळे. काजळी फासून, अडाणी बोलीत बोलून ते गौरवर्णीयांच्या मनातील हीन प्रतिमा पक्की करत आहेत, असा आक्षेप कृष्णवर्णीय समाजातील काही जण घेत. कलाकौशल्याबद्दल कोणालाच शंका नव्हती. एवढा मोठा कलावंत कोणत्या कामाला जुंपला गेला, याची ती खंत होती.

दुसरी बाजूही तितकीच वजनदार होती. विख्यात शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९१० मध्ये लिहिले, की आपल्या समाजासाठी या माणसाने आपल्यापेक्षाही अधिक काम केले आहे. लोकांच्या मनात हसत हसत शिरणे त्याला जमले, असे त्यांचे म्हणणे होते.

खुद्द विल्यम्स यांना गंभीर नाटकात, काजळीशिवाय काम करायची इच्छा होती. निर्माते डेव्हिड बेलास्को यांच्याकडून तशी विचारणाही झाली होती. ते नाटक आले नाही. चेहऱ्याला काळे न फासता मोठ्या रंगमंचावर उभे राहण्याची संधी त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही.

१०० वर्षांनी काय सापडले?

१९१३ मध्ये बायोग्राफ कंपनीने विल्यम्स यांना घेऊन एक मूकपट चित्रित केला होता. तो कधीच पूर्ण झाला नाही. त्याची सात रिळे १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात (मोमा) आली आणि पडून राहिली. तज्ज्ञांनी ती जुळवून २०१४ मध्ये लोकांसमोर आणली. ‘लाइम किल्न फील्ड डे’ या नावाने ओळखला जाणारा हा चित्रपट, कृष्णवर्णीय कलावंत मुख्य भूमिकांत असलेल्या चित्रपटांच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक आहे.

त्यात नीटनेटक्या कपड्यांतील कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष नाचतात, जत्रेतल्या फिरत्या घोड्यांवर बसतात. नायक-नायिका प्रेमात पडतात, चुंबन घेतात. त्या काळी पडद्यावर कृष्णवर्णीयांचे असे साधे, सुखी जगणे जवळपास दिसतच नसे. सहकलाकारांचे चेहरे त्यांचे स्वतःचे आहेत. काजळी आहे ती एकट्या नायकाच्या, विल्यम्स यांच्या चेहऱ्यावर. चित्रीकरणाच्या मधल्या वेळेतील दृश्येही या रिळांत आहेत. गौरवर्णीय दिग्दर्शकांच्या सोबतीने काम करणारे, सहकाऱ्यांत वावरणारे विल्यम्स त्यांत दिसतात.

त्यांचा वारसा काय?

न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या अंत्यदर्शनासाठी हजारो लोक रांगेत उभे होते. अमेरिकेतील गौरवर्णीय फ्रीमेसन लॉज कृष्णवर्णीयांना सदस्यत्व देत नसत. पण विल्यम्स एडिनबराच्या लॉजचे सदस्य होते. त्या नात्याने न्यूयॉर्कच्या एका गौरवर्णीय लॉजने त्यांचे अंत्यविधी केले. तोवर कोणाही कृष्णवर्णीयाला हा मान मिळाला नव्हता. ब्रॉंक्समधील वुडलॉन दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

ड्यूक एलिंग्टन यांनी १९४० मध्ये ‘अ पोर्ट्रेट ऑफ बर्ट विल्यम्स’ ही रचना करून त्यांना मानवंदना दिली. दुसऱ्या महायुद्धात एका मालवाहू जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले. ‘नोबडी’च्या १९०६ मधील ध्वनिमुद्रणाचा समावेश १९८१ मध्ये ‘ग्रॅमी हॉल ऑफ फेम’मध्ये झाला. २००० मध्ये जॉनी कॅश यांनी हे गाणे नव्याने गायले. कादंबरीकार कॅरिल फिलिप्स यांनी २००५ मध्ये विल्यम्स यांच्या आयुष्यावर ‘डान्सिंग इन द डार्क’ ही कादंबरी लिहिली.

अमेरिकेत ब्लॅकफेस आता अपमानास्पद मानला जातो. कोणा नेत्याचे किंवा अभिनेत्याचे तशा रंगभूषेतील जुने छायाचित्र बाहेर आले, की माफी मागावी लागते. त्यामुळे विल्यम्स यांची छायाचित्रे आजच्या प्रेक्षकाला अवघडवून टाकतात आणि त्यांचे नाव घेताना लोक बिचकतात. त्यांची जुनी ध्वनिमुद्रणे मात्र इंटरनेटवर सहज ऐकता येतात. खरखरत्या तबकडीतून येणाऱ्या त्या आवाजात चेहरा दिसत नाही, काजळीही दिसत नाही. ऐकू येतो तो आपल्या एकटेपणाचा हिशेब सावकाश, मिश्कीलपणे मांडणारा एक माणूस.